बोट पोचत नाही

पेटी उघडायच्या आधीच उस्तादांनी तोंड वाकडं केलं होतं.

एकतीस वर्षं ते पोलिसांच्या फायरिंग रेंजवर नेमबाजी शिकवत होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. बाकी दरवाजावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते उस्ताद. निवृत्तीला पाच महिने होते. अशा वेळी माणसाला नवं काही शिकायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आलाय असं कबूल करायचं नसलं की तो नव्या वस्तूला नावं ठेवतो.

"हे प्लॅस्टिक आहे," उस्ताद म्हणाले.

"प्लॅस्टिक नुसती मूठ आहे. नळी, स्लाइड सगळं पोलाद," मिस्त्री म्हणाले. मिस्त्री म्हणजे शस्त्रागार सांभाळणारे, हत्यारं खोलणारे-जोडणारे. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले होते आणि तेव्हापासून रोज एकदा तरी भांडत होते. "हातात तर घे. चावत नाही."

उस्तादांनी पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून आत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली. हे त्यांचे हात आपोआप करायचे, जसं आपण घरात शिरताना चप्पल काढतो. मग त्यांनी ते नुसतं तळहातावर तोललं. जुन्याच्या निम्म्याने हलकं.

"खेळणं आहे रे. लहान मुलं याने पाणी उडवतात."

"फॉर्ममध्ये तसंच लिही. साहेब खूश होतील."

फॉर्म चार पानी होता. नव्या पिस्तुलाच्या दोन नगांवर दोनशे-दोनशे गोळ्या झाडायच्या आणि पहिला अभिप्राय द्यायचा: वजन कसं, पकड कशी, ट्रिगर कसा, धक्का किती, किती वेळा अडकलं. उस्तादांच्या सहीवर खरेदी ठरायची होती, निदान साहेब तसं म्हणाले होते.

पंचवीस पावलांवर नवा कागद लावला. उस्ताद उभे राहिले, कानांवर गार्ड चढवले, आणि पहिली गोळी झाडली. मग दुसरी. मग उरलेल्या आठ, घाई न करता. पुंगळ्या उजवीकडे सिमेंटवर टणटणत पडल्या. जुन्या पिस्तुलाची पहिली गोळी म्हणजे एक कामच असायचं. ट्रिगर लांबलचक, जड, अर्ध्यात पोचेपर्यंत नळी डुलायला लागायची. पहिली चुकली की दुसरी सुधारायची, असं सगळे धरूनच चालायचे. याचं तसं नव्हतं. पहिला ट्रिगर जसा, तसाच दहावा. थोडी ढील, मग बोटाला भिंतीसारखा अडसर, मग सुटलंच.

कागद जवळ आणून बघितला. दहाच्या दहा मधल्या काळ्या वर्तुळात होत्या, आणि त्यातल्या सहा एका बशीखाली झाकता आल्या असत्या.

मिस्त्री काही बोलले नाहीत. न बोलण्याचीही त्यांची एक पद्धत होती, आणि ती उस्तादांना बोलण्यापेक्षा जास्त लागायची.

"बरं आहे," उस्ताद म्हणाले. "नेम धरायची माशी जरा जाड आहे पुढची. बाकी बरं आहे."

दुपारपर्यंत दीडशे गोळ्या झाल्या. एकदाही अडकलं नाही. उस्तादांनी शोधून शोधून दोन उणिवा काढल्या: मॅगझिन सोडायचं बटण कडक आहे, आणि उन्हात मूठ घामाने निसरडी होते. मग मिस्त्रींनी पेटीच्या कोपऱ्यातून एक कापडी पिशवी काढली. तिच्यात आणखी दोन पाठी होत्या. पिस्तुलाच्या मुठीमागे बसणारे वाकडे तुकडे, एक जाड, एक पातळ.

"हाताप्रमाणे बदलायचे. एक खीळ काढली की झालं," मिस्त्री म्हणाले. "शेवटचा रकाना वाच. लहान पंजाच्या व्यक्तीकडून चाचणी. तुझ्या फावड्यासारख्या हाताने ती व्हायची नाही."

तेव्हा रेंजवर दुसरं कोणी नव्हतं. उस्तादांनी कचेरीत फोन लावला आणि फायलींच्या खोलीतल्या बाईंना बोलावून घेतलं. बाई गणवेशातल्याच, पण दहा वर्षं कागदांत बसलेल्या. चणीने एवढ्याशा. वर्षातून एकदा नियमाप्रमाणे गोळीबाराला यायच्या, कशाबशा पास व्हायच्या आणि सुटल्यासारख्या परत जायच्या.

"मला कशाला?" बाई येता येता म्हणाल्या. "तुमचं नवं हत्यार मी बिघडवलं तर माझ्या नावावर टाकाल."

"टाकणारच," मिस्त्री म्हणाले. "हात दाखवा."

त्यांनी पातळ पाठ बसवली. बाईंनी पिस्तूल धरलं आणि जरा थांबल्या. मग पुन्हा धरलं. आपल्याच हाताकडे बघितलं.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही. मारते."

दहा गोळ्या झाडल्या. नऊ काळ्यात, एक काठावर. बाईंना वर्षातून एकदाच बघणाऱ्या उस्तादांना वाटलं, कोणीतरी शेजारून मारल्या असाव्यात. बाई मात्र हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या.

"उस्ताद, हे मला सरळ धरता आलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे? आधी कसं धरायच्या?"

बाईंनी आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग उस्तादांकडे. "आता सांगायला हरकत नाही. तुमचेही पाचच महिने राहिलेत." त्यांनी रॅकवरचं जुनं पिस्तूल घेतलं, रिकामं असल्याचं तपासलं आणि हातात धरून दाखवलं. मूठ तळव्यात सरकलेली, मागचा भाग अंगठ्याच्या हाडावर टेकलेला, मनगट एका बाजूला आणि नळी दुसऱ्या. "असं. जुन्याची मूठ इतकी जाड की सरळ धरलं तर ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचतं. म्हणून आम्ही लहान हाताच्या पोरी पिस्तूल असं फिरवून धरायचो. तुमची पाठ वळली की फिरवायचो. अंगठा सोलायचा, पण गोळ्या कागदावर तरी लागायच्या."

"मी कधीच असं शिकवलं नाही."

"नाहीच. तुम्ही सरळ शिकवलं. आमच्या तुकडीतली ती चिमटी मात्र सरळच धरायची. तुम्ही सांगितलं तसं, अगदी तसंच. म्हणून ती गेली आणि मी राहिले."

उस्तादांना लगेच आठवलं नाही, आणि ही गोष्ट पुढे त्यांना फार दिवस टोचत राहिली. प्रत्येक तुकडीला ते पहिल्या दिवशी हात पुढे करायला लावायचे आणि हात बघून नावं ठेवायचे. फावडं, पंखा, वांगं. चिमटी हे नावही त्यांनीच दिलेलं.

"जुन्याने पाच मारा," ते म्हणाले. "सरळ धरून. मी शिकवलं तसं."

बाईंनी मारल्या. कागद आणला. पाचही गोळ्या खाली डावीकडे, एकमेकींना चिकटून. उस्तादांनी तो पुंजका बघितला आणि मग मात्र सगळं आठवलं. असा पुंजका त्यांनी तीन दिवस पाठोपाठ बघितला होता, एकाच मुलीच्या कागदावर, तिच्या तिन्ही परीक्षांत.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी वळून म्हणाली होती, "उस्ताद, बोट पोचत नाही." आणि हात वर करून दाखवला होता.

"बोट पोचत नाही, का काळीज?" असं उस्ताद म्हणाले होते.

चाळीस जणांची रांग खो खो हसली होती. वाक्य जमलं होतं. इतकं जमलं होतं की उस्तादांनी ते पुढच्या तुकडीत पुन्हा वापरलं, त्याच्या पुढच्याही, आणि एकदा निरोपसमारंभाच्या भाषणातही. शेरा त्यांनी लिहिला होता: ट्रिगर झटकते. स्वभाव भित्रा. शस्त्र देऊ नये.

"तुम्हीही हसला होता?" उस्तादांनी बाईंना विचारलं.

"सगळ्यात मोठ्याने," बाई म्हणाल्या. "माझ्या अंगठ्याकडे कोणी बघू नये म्हणून."

मिस्त्री पाठमोरे होऊन उगाचच पुंगळ्या गोळा करत राहिले.

चिमटी कुठे असते हे बाईंना ठाऊक होतं. तीन चौक पलीकडे रक्त तपासायची लॅब होती, तिथे ती कामाला होती. बाई आपल्या आईला तिथेच न्यायच्या.

उस्तादांनी दोन दिवस उरलेल्या गोळ्या झाडून संपवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा नको म्हणाले. बायकोने भुवई उंचावली.

"साखर तपासून येतो," ते म्हणाले.

"मी दोन वर्षं घसा कोरडा करतेय तेव्हा नाही गेलात. आजच कुठून सुचलं?"

उस्तादांनी सांगितलं. बूट घालता घालता सुरुवात केली आणि एक बूट हातात घेऊन बसून राहिले. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"जा," ती म्हणाली. "पण तिने बरं वाटून घ्यावं म्हणून जाऊ नका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून जाताय, एवढं ध्यानात ठेवा आणि जा."

लॅबमध्ये गर्दी होती. उस्तादांना सतरा नंबरचा कागद मिळाला. रक्त घ्यायची खोली अर्ध्या दाराची, त्यामुळे बाकावरून आतलं दिसत होतं. पांढरा कोट घातलेली एक बाई तीन-चार महिन्यांच्या बाळावर वाकली होती. बाळाची आई मान फिरवून रडत होती. कोटवाल्या बाईने बाळाचा हात आपल्या दोन बोटांत धरला होता, काहीतरी पुटपुटत होती, आणि शीर शोधत होती. उस्तादांना तिची बोटं दिसत होती. बारीक, आखूड. बाळाने तोंड उघडून रडायच्या आधीच सुई आत जाऊन बाहेर आली होती.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "पोरं असली की सगळे हिलाच मागतात. बाकीचे दोन-दोनदा टोचतात."

सतरा नंबर पुकारला. उस्ताद आत गेले. तिने फॉर्म वाचला, वर बघितलं, आणि चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"बसा. उजवा की डावा?"

"कुठलाही. तू... तुम्ही मला ओळखलं का?"

"उस्ताद, तुम्हाला न ओळखून कसं चालेल? मूठ आवळा."

तिने दंडाला पट्टा बांधला. उस्तादांनी वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी पळाली. त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"नवीन पिस्तूल आलंय."

"बरं."

"त्याची मूठ बदलता येते. लहान हाताला लहान. परवा मी बघितलं. तुमच्या बरोबरीच्या बाईंनी मारून दाखवलं. आधी नव्याने, मग जुन्याने. जुन्याने सरळ धरलं की खालीच जातात, डावीकडे. कोणाच्याही जातील. तो दोष मुठीचा होता. तुमचा नव्हता. तुम्ही मी सांगितलं तसंच धरत होता."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. सुई कधी आत गेली ते कळलंही नाही. नळी भरू लागली.

"मग तेव्हा बोलायचं ना..."

"बोलले की. तुम्ही ऐकलंत, आणि सगळ्यांना ऐकवलंत."

बाहेर कोणाचं तरी मूल पुन्हा रडायला लागलं. तिने नळी बदलली.

"मी चुकलो," उस्ताद म्हणाले. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांना कामावर लागलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने निघालं. पलीकडच्या टेबलावरचा मुलगा वळून बघू लागला.

"माझं काही वाईट झालं नाही, उस्ताद," ती म्हणाली. "वर्षभर घरी बसले, मग हा कोर्स केला. हे काम मला आवडतं. त्याबद्दल तुम्ही झोप घालवू नका. पण माझे बाबा तुमच्याकडे आले होते. आठवतंय?"

उस्तादांना तिचे वडील आठवत होते. गाडीखान्यात ड्रायव्हर होते, सरळमार्गी माणूस. पण ते आलेले आठवत नव्हते.

"निकाल लागला त्या दिवशी. गेटपाशी तुम्हाला गाठून त्यांनी विचारलं, खरं सांगा, पोरगी भिते का? तुम्ही म्हणालात, पोरगी गुणी आहे, काळीज तेवढं कच्चं आहे. जपा तिला."

"मी असं म्हणालो?"

"चांगल्या मनानेच म्हणाला असाल. बाबांचा तुमच्यावर फार विश्वास. घरी आले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट फार मायेने वागायला लागले. मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी भावाला म्हणायचे, जा रे तिच्याबरोबर. मी कामाला लागले तर रोज आणायला यायचे. दवाखान्यात शेवटचे होते तेव्हा मीच त्यांचं रक्त काढायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, तुला जमेल का बाळा, दुसऱ्या कोणाला बोलव. मी त्यांना कितीदा सांगितलं, बाबा, मी भित्री नाही. ते हो हो म्हणायचे, लहान पोरीला म्हणतात तसं."

"कधी गेले?"

"तीन वर्षं झाली."

उस्तादांनी विचारलं, "मी घरी येऊन तुमच्या आईला सांगू?"

"आईला काय सांगणार? आईने ते कधी मानलंच नव्हतं. मानणारा एकच होता." तिने सुई काढली, कापूस ठेवला, त्यांचं बोट त्यावर नेऊन ठेवलं. "दाबून धरा. चोळू नका."

उस्ताद उठले नाहीत. "एकदा रेंजवर या," ते म्हणाले. "मी सांगून ठेवतो. नव्याने मारून बघा. नुसतं बघायला."

ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हात थांबला. खरंच विचार करत होती, हे दिसत होतं.

"चांगलं आहे का ते?"

"चांगलं आहे. मी आधी नावं ठेवली, पण चांगलं आहे. ट्रिगर सरळ येतो."

"हलकं?"

"निम्म्याने."

"नको," ती म्हणाली. "सगळ्या गोळ्या लागल्या तर मला फार वाईट वाटेल. आणि नाही लागल्या तरी वाटेल. संध्याकाळी सहानंतर रिपोर्ट मिळेल, उस्ताद. अठरा नंबरना आत पाठवा जाताना."

त्या आठवड्यात उस्तादांनी अभिप्राय लिहिला. चार पानांच्या फॉर्मला त्यांनी स्वतःची दीड पानं जोडली. नवं पिस्तूल घ्यावं, तिन्ही पाठींसह घ्यावं, आणि जुन्या पिस्तुलावर लहान हाताच्या ज्या उमेदवारांना नापास केलं त्यांचे निकाल चुकीचे होते, ते आपण दिले होते, असं त्यात होतं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"उस्ताद, अभिप्राय पिस्तुलावर मागितलाय. तुमच्यावर नाही."

"साहेब, दोन्ही एकच आहे."

"निवृत्तीच्या तोंडावर हे काय काढलंत? उद्या सगळे नापास दारात उभे राहतील." साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी दीड पानं काढून उस्तादांच्या हातात परत दिली, आणि तिन्ही पाठींसह घ्यावं हे वाक्य स्वतःच्या अक्षरात फॉर्मवर लिहिलं. "एवढं मी नक्की करून घेतो," म्हणाले. आणि तेवढं त्यांनी केलंही; चार महिन्यांनी पेट्या आल्या त्या पाठींसकट आल्या.

पण ती दीड पानं खिशात घेऊन उस्ताद त्या दिवशी घरी गेले नाहीत. ते फायलींच्या खोलीत गेले आणि बाईंना म्हणाले, पंधरा वर्षांपूर्वीची तुकडी काढा.

"बंद झालेली फाईल आहे. शेरा खोडता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"खोडायचा नाही. एक कागद आत ठेवायचाय."

"कोण वाचणार आहे तो?"

"कोणी नाही."

बाई स्टुलावर चढल्या आणि गठ्ठा काढून दिला. उस्तादांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं की या उमेदवाराची पकड, पवित्रा, सगळं बरोबर होतं, हत्याराची मूठ तिच्या हाताला मोठी होती, आणि भित्रेपणाचा शेरा माझ्या चुकीने लिहिला गेला. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. बाईंनी भोक पाडून तो कागद दोऱ्याने आत ओवला.

"बाकीचे गठ्ठेही काढा," उस्ताद म्हणाले. "आधीचे, नंतरचे. सगळे."

दुसरा दिवस त्यातच गेला. तोच शेरा, त्याच अक्षरात, आणखी सात जणींच्या नावापुढे निघाला आणि एका मुलाच्याही. बाईंना त्यांतल्या दोघींचा पत्ता लागला. एक परगावी होती, एक हयात नव्हती. बाकीच्यांचं काही कळेना. उस्तादांनी आठ कागद घेतले आणि एकेक लिहायला बसले. मिस्त्री मध्ये येऊन डोकावले, चहाचा कप ठेवून गेले.

पहिले तीन कागद भराभर झाले. चौथ्याला त्यांनी नाव लिहिलं आणि ते थांबले. नाव दोनदा वाचलं. जन्मतारीख वाचली, पत्ता वाचला, कोपऱ्यातला पिवळा पडलेला फोटो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. एक मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तिला त्यांनी शिकवलं होतं, काहीतरी नाव ठेवलं होतं, आणि घरी पाठवलं होतं. त्यांना तिचं काहीच आठवेना.

"काय झालं, उस्ताद?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि लिहू लागले.